वरच्या पाइनची फांदी

उरासावा,
३ जून

प्रिय नोबू,

आजची पहिली ओळ: सकाळी साडेपाचला आपला बेडक्या ससाणा पंजात हिरवा बेडूक घेऊन वरच्या पाइनवर उतरला आणि घरट्याच्या काठावर तीन पांढरी डोकी वर आली.

तीन. दुर्बिणीतून मी दोनदा मोजली, मग किनुएला हाक मारून तिलाही मोजायला लावली. ती म्हणाली, "अहो, तीनच आहेत, माझं सूप उतू जाईल, जाऊ द्या मला." मग वहीत लिहिलं आणि आजोबांच्या नियमाप्रमाणे पुढे नाव घातलं: पाहणारा, इवाओ. अवजारांच्या खोलीतली तीच वही, तोच खिळा. पेन्सिल तेवढी नवी बांधली आहे. तू येईनाशी झाल्यापासून त्या वहीची पानं कोरी पडली होती, हे सांगायला लाज वाटते. यंदा मात्र एक दिवस चुकवला नाही. बेडक्या समुद्रापलीकडून आला तो ५ एप्रिलला, तुझ्या वेळी यायचा त्याच्या दोन दिवस आधी. त्याची पहिली शीळ ऐकली आणि त्याच दिवशी बियाणं भिजत घातलं.

तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही दोघं बरे आहोत. लावणी संपली. माझी कंबर मे महिन्यात असते तशीच आहे, म्हणजे बोलण्यासारखी नाही.

नोव्हेंबरात अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं. त्यात कसा आहेस, काय करतोस, काही नव्हतं. "वरचा पाइन आहे का?" एवढंच. मी उत्तर दिलं होतं की आहे, आणि मी जिवंत असेतो त्याला कुणी हात लावणार नाही. ती एक ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. खालचं ओकचं रान तोडताना, त्यात घरटं असताना, तू झाडाखाली जाऊन उभी राहिलीस आणि मी लाकूडतोड्यांच्या देखत तुला म्हणालो की लग्न होऊन गेलेल्या बाईनं माहेरच्या झाडांवर बोलू नये. ते मला पाठ आहे. तू पिशवी उचललीस आणि गेलीस, तेही डोळ्यांसमोर आहे. असो. पाइन आहे आणि पिल्लं तीन आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उडतील. तू म्हणतेस तशी तेव्हाच ये.

आता वैताग ऐक. गेल्या आठवड्यापासून शहरातून फोटोवाले यायला लागलेत. कुणीतरी एकानं घरट्याचा फोटो कुठेतरी टाकला आणि माश्या जमाव्यात तशी माणसं जमली. सकाळी खाचराकडे जावं तर बांधावर ओळीनं कॅमेऱ्यांच्या तिपाया. मी तो बांध मार्चमध्ये गुडघ्यावर बसून लिंपलाय आणि हे त्यात लोखंडी पाय खुपसतात. दोन जागी पाणी पाझरायला लागलंय. कॉफीचे रिकामे डबे पाटात. परवा एक गृहस्थ, चांगला माझ्या वयाचा, पाटातच लघवी करत होता. मी म्हटलं, "हे पाणी भाताला जातं." तो म्हणाला, "खतच की." आणि हसला. त्याचे दात आठवले तरी मला अजून किळस येते.

किनुए म्हणते, निसर्गप्रेमी आहेत हो ते. मी म्हटलं, मग स्वतःच्या घरी करा म्हणावं प्रेम.

त्यांच्यात एकच माणूस बरा. शिओझाकी सर म्हणून, शाळेचे मुख्याध्यापक होते. काल घरी आले, दारात उभे राहून इतके वाकले की टोपी चिखलात पडली. आमच्या माणसांचा तुम्हाला त्रास होतो, माफ करा म्हणाले, आणि योकानचा डबा पुढे केला. तीच ती चवळीची गोड वडी, तुला लहानपणी आवडायची ती, पण भारी दुकानातली. किनुएनं लगेच कापली. चार वड्या खाऊन झाल्यावर तिला सुचलं, "अहो, पण परत काय द्यायचं?" तांदळाची एक पिशवी देऊन टाकू, म्हणजे मिटलं.

पिल्लांचं कळवत राहीन.

तुझा दादा,
इवाओ


उरासावा,
१७ जून

प्रिय नोबू,

पहिली ओळ: तळ्यावर वाकलेल्या फांद्यांना झाडबेडकांची फेसाची घरटी लटकली आहेत. सात मोजली.

पाऊस सुरू झालाय. चपला, वही, भिंती, सगळं दमट. किनुए आलुबुखार खारवायला बसली आहे, तिच्या मिठाच्या वासानं घर भरलंय. तुझ्यासाठी एक बरणी बाजूला ठेवणार म्हणते.

फोटोवाल्यांचं काय सांगू. रविवारी गावाची सामुदायिक गवतकापणी होती. सगळ्या घरांतून एकेक माणूस, ज्यानं त्यानं आपापला बांध, आपापली वाट. तू विसरली नसशील, ज्याच्या बांधावर गवत उभं राहतं त्याच्याबद्दल वर्षभर बोलतात. आम्ही यंत्रं घेऊन निघालो तर ही मंडळी म्हणते, "आज आवाज नका करू, पक्षी बिथरतील." आमच्या गावात, आमच्या बांधावर. निशिवाकीच्या म्हाताऱ्यानं यंत्र अजून जोरात सुरू केलं, तेवढंच बरं वाटलं.

बांधाचं गवत कापलं की बेडूक उघडे पडतात आणि बेडक्याचं पोट भरतं. एवढं सहा वर्षांच्या पोराला इथं कळतं. यांना कळत नाही. यांनी काय केलं, तर एका प्लास्टिकच्या टबात बेडूक धरून आणले. एका बेडकाच्या कमरेला मासेमारीचा दोरा बांधला, दुसरं टोक दगडाला, आणि ठेवला बांधावर, ऊन बरोबर पडेल अशा जागी. ससाणा तिथंच उतरावा म्हणून. बेडूक उडी मारायचा आणि दोऱ्यानं मागे आपटायचा. परत उडी, परत आपटायचा. आणि हे कॅमेऱ्यामागे बसून डब्यातली भाताची मुटकी खात होते. मी जाऊन कोयत्यानं दोरा तोडला. एक बाई म्हणाली, "काका, तुम्ही तर आमची मेहनत वाया घालवलीत." तो बेडूक पाण्यात गेला पण मागचे पाय हलवत नव्हता.

रानडुकरांनी वरचं खाचर लोळून काढलं, त्यांचाही राग येत नाही मला हल्ली. डुक्कर निदान लोळून झालं की जातं.

वाऱ्यानं वरच्या पाइनची एक फांदी गेली. विशेष काही नाही.

तू जुलैच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढते म्हणतेस. मी म्हणतो, कशाला घाई करतेस. पावसात आपल्या बाजूच्या गाड्यांचा काही भरवसा नाही, दरड कोसळली की दिवसभर बसून राहशील, आणि त्यात तुझे गुडघे. ऑगस्टात ये. काकड्या असतील, मका असेल, तळ्याकडे गारवा असतो. बघ, काय सोयीचं पडतं ते.

हात ओले आहेत, शाई पसरते, म्हणून आवरतं घेतो.

दादा


उरासावा,
२५ जून

नोबू,

पहिली ओळ: वरच्या पाइनवरचं घरटं रिकामं आहे.

तुझं कार्ड परवा आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "दादा, पिल्लं किती?" किनुएनं ते टपालपेटीतून आणून माझ्या भाताच्या वाडग्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आता लिहा." तिला कळलं होतं. वहीत मी ७ जूनला लिहिलंय, 'वाऱ्यानं वरच्या पाइनची फांदी पडली,' आणि पुढे पाहणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. आजोबांपासून आजपर्यंत त्या वहीत बिननावाची तेवढीच ओळ आहे. तिनं ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आलुबुखारं निवडायला बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवणापुरतं बोलते.

वारा नव्हता. फांदी मी कापली.

कसं झालं ते सगळं सांगतो. काही सोडत नाही, कारण सोडायला लागलो की मला सगळंच सोडता येतं, मागच्या पत्रात पाहिलंसच.

तांदळाची पिशवी घेऊन मी शिओझाकी सरांकडे गेलो, ते बांधावरच होते. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "छे छे, तुमच्या कष्टाचा तांदूळ, मी कसा घेऊ." मी पुढे करतोय, ते मागे सरतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बेडक्याचा मोठा फोटो, चौकटीत घालून, घरी आणून दिला. तिसऱ्या दिवशी किनुएला टॉवेलांचा जोड. आता तूच सांग, आपल्याकडे एवढं घेऊन गप्प बसलेला माणूस कुणी पाहिलाय का? किनुए म्हणायची, "काहीतरी द्या हो, तोंड दाखवायला जागा राहिली नाही." आणि मी काही दिलं की सर घेत नव्हते. मग ६ जूनला, फाटकाशी, अगदी संकोचल्यासारखं करून ते म्हणाले, "खरं म्हणजे एकच गोष्ट होती. ती घरट्यासमोरची फांदी. जमलं तर हं. नाही जमलं तरी काही हरकत नाही." आणि वाकले.

तेव्हा मला कळलं की योकान कशासाठी होता. कळूनही मी हो म्हणालो. हे नीट वाच. फसवलं गेलो असं मी लिहीत नाही. मला कळलं होतं, पण पोटात चार वड्या होत्या, भिंतीवर चौकट होती, आणि एका वाकलेल्या माणसासमोर नाही हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. तुला सगळ्यांच्या देखत हाकलून देताना मात्र तोंड फार चाललं होतं.

७ तारखेला सकाळी शिडी लावली आणि लांब दांड्याच्या करवतीनं फांदी काढली. मनगटाएवढी जाड. मादी घरट्यातून उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत शीळ मारत राहिली. करवत चालू असताना मला पिल्लं अगदी जवळून दिसली. कापसासारखी, डोळे पिवळट, माझ्याकडेच बघत होती. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिडीवरून टोपी काढून हात केला त्यांना. हेसुद्धा केलं मी.

९ तारखेला मी खालच्या बांधावर गवत कापत होतो, कानांवर झाकणं होती. सहज मान वर केली तर पाइनमध्ये दोन कावळे. ती फांदी असती तर घरटं त्यांना वरून दिसलंच नसतं. आणि मादी लांब होती, कारण खाली चाळीस लेन्स रोखलेल्या होत्या आणि सकाळपासून ती जवळ यायला बघत नव्हती. मी यंत्र टाकून धावलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस चिखलातून काय धावणार. पोचेपर्यंत एक पिल्लू गेलं होतं आणि दुसरं चोचीत होतं.

ज्यानं मला आजवर झोपू दिलं नाही ते हे आहे: त्या चाळीस माणसांपैकी कुणी हात वर केला नाही, टाळी वाजवली नाही, हुसकावलं नाही. दगड तर पायाशीच पडले होते. सगळे कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेले आणि ती खटखट अशी चालली होती की कावळ्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. तिसरं पिल्लू काठाशी सरकलं आणि खाली पडलं. तेही कावळ्यानं जमिनीवरून उचललं, एका माणसाच्या तिपाईपासून चार हातांवर. तो माणूस मागे सरकला, म्हणजे त्याला लेन्समध्ये नीट दिसावं म्हणून. मी ओरडलो असेन. एकजण म्हणाला, "काका, मध्ये येऊ नका."

शिओझाकी सर माझ्याजवळ आले, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, हा माणूस तरी. ते म्हणाले, "पन्नास वर्षांत असा क्षण मिळाला नव्हता. तुमच्यामुळे." आणि वाकले.

दुसऱ्या दिवशी आणखी एक योकानचा डबा आला. नोबू, तो किनुएनं आईबाबांच्या तसबिरींपुढे ठेवला. फांदी मी कापली हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. मी तो तिथून उचलला, वळचणीखाली बसलो, एक वडी कापली आणि खाल्ली. का, ते विचारू नकोस. भूक नव्हती. गोड लागली. ती गोड लागली याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आहे. लोकांबद्दल मी तुला पानंच्या पानं लिहिली, पाटात लघवी करणारा, बेडूक बांधणारे. ते खोटं नव्हतं. पण मला तोंड धुऊनही जी चव जात नाही ती त्यांची नाही.

११ तारखेला मादी बेडूक घेऊन घरट्यावर आली. काठावर उभी राहून इकडे तिकडे पाहिलं, बेडूक ठेवला, परत उचलला, परत ठेवला. तेही त्यांनी टिपलं. त्या दिवशी मी तुला लिहायला बसलो होतो आणि पहिली ओळ हीच होती. कागद फाडला. १७ तारखेला फेसाची घरटी मोजून पाठवली.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी दुपारी मी तो दुसरा डबा, एक वडी कमी असलेला, तसाच कागदात बांधला, भिंतीवरची चौकट घेतली, टॉवेल घेतले आणि बसनं शहरात सरांच्या घरी गेलो. दारात ठेवलं. दिलेली वस्तू परत नेऊन टाकायची म्हणजे काय, हे मी सांगायला नको. सर पांढरे पडले. "आवडली नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, "आवडली. म्हणूनच परत आणली." त्यांना ते कळलं असं वाटत नाही. त्यांची बायको मागे उभी होती, तिला कळलं असावं, तिनं मान खाली घातली. पहिला डबा मात्र परत करता येत नाही, तो आम्ही खाल्लेला आहे.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. सर गावच्या शाळेतल्या मुलांना पक्षी दाखवायला येणार होते, ते आता येणार नाहीत. गावचे प्रमुख काल फाटकापर्यंत येऊन म्हणाले, "इवाओ, एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान. रागाला काही धरबंध?" निशिवाकीचा म्हातारा तेवढा बोलतो. बांधावर आता कुणी नाही. पिल्लं नाहीत तर त्यांना इथं काय करायचंय. कॉफीचे डबे मी गोळा करतोय, पोतंभर झाले. बांध पुन्हा लिंपला, पण आता पाऊस आहे, वाळत नाही.

फांदीच्या कापल्या जागी राळ आली आहे. फाटकातून दिसते. मी त्यावर काही फासलं नाही आणि फासणारही नाही.

बेडक्या अजून आहे. सकाळी खालच्या खाचरात उतरतो, बेडूक धरतो आणि स्वतःच खातो. सप्टेंबरात जाईल. पुढच्या एप्रिलला परत या झाडावर येईल की नाही, ते त्याला ठाऊक. मी त्याच्या जागी असतो तर आलो नसतो.

जुलैचं तिकीट काढलं असशील तर रद्द करू नको असं म्हणायला मला तोंड नाही. पिल्लं बघायला येणार होतीस, ती नाहीत. खालच्या रानाच्या वेळी निदान तू समोर उभी होतीस, मी ऐकलं नाही तो माज होता. या वेळी माझ्याशी कुणी भांडलंही नाही. एक डबा पुरला.

वही या पत्राबरोबर पाठवतोय, पेन्सिलीसकट. ती तुझ्याकडेच असायला हवी होती. बेडक्या गेला की मी तुला कार्डावर तारीख कळवीन, वहीत तू लिही. खोडायचं नाही असा आजोबांचा नियम, म्हणून ती वाऱ्याची ओळ तशीच आहे. तिच्याखाली खरी लिहिली. तीच इथं उतरवतो आणि थांबतो. 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही.

७ जून. वरच्या पाइनची फांदी करवतीनं कापली.
९ जून. तिन्ही पिल्लं कावळ्यांनी नेली.

पाहणारा,
इवाओ